शाळेच्या भिंतीवरची वारली नेमकं काय शिकवते?

वारली चित्र पाहिलेलंच नाही असं शाळकरी मूल नाशकात सापडणं कठीण. शाळेच्या कंपाउंडवर, चित्रकलेच्या वहीत, आईच्या कुर्त्यावर, हॉटेलच्या मेनूकार्डावर, कुठे ना कुठे ती दोन त्रिकोणांची माणसं नाचत असतात. पाचवीतल्या मुलाला सांगा, अर्ध्या मिनिटात तो वारली माणूस काढून दाखवतो. मग विचारा, हा माणूस राहतो कुठे आणि करतो काय? बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते खूप पूर्वी जंगलात राहायचे."

आता आकडा बघा. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती आणि त्यातले साडेपंधरा लाखांहून जास्त लोक अनुसूचित जमातींचे. म्हणजे जिल्ह्यातला दर चौथा माणूस आदिवासी. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर, कातकरी. पेठ तालुका नाशिक शहरापासून जेमतेम पन्नासेक किलोमीटरवर. सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण, दिंडोरी, बागलाण हे तालुके याच जिल्ह्यातले. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालयही नाशकातच आहे. द्राक्षाच्या हंगामात बागांमधून काम करणारे कितीतरी हात पेठ-सुरगाण्याकडचे असतात. तरीही मूल म्हणतं "खूप पूर्वी". हे त्याच्या डोक्यात कुठून आलं? माझं मत विचाराल तर बऱ्याच अंशी आपल्या चित्रकलेच्या तासातून. फळ्यावर दोन त्रिकोण काढले, "आता असे वीस काढा" म्हटलं की चित्र होतं, माणूस गळून पडतो. पण हाच तास वेगळ्या पद्धतीने घेतला तर पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त शिकवू शकतो. कसा, ते पाहू.

सुरुवात लग्नापासून करावी लागते. वारली चित्राचं मूळ सजावटीत नाही. डहाणू, तलासरी, जव्हार या पट्ट्यात वारली घरात लग्न ठरलं की घराच्या आतल्या भिंतीवर चौक काढला जातो. भिंत शेणामातीने सारवायची, तिला गेरूचा हात द्यायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चौकट रेखायची. हे काम सवाष्णींचं. चौकाच्या मध्ये पालघट देवी, सुफलतेची देवता. बाजूच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. भोवती सूर्य-चंद्र, फणी, शिडी, झाडं, नाचणारी माणसं. लग्न लावते धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी मुखोद्गत असलेली बाई. तिच्या गाण्यांतूनच विधी पुढे सरकतात. आपल्याकडे मंगलाष्टकांशिवाय लग्न लागत नाही, तसं तिकडे चौकाशिवाय लागत नाही. एवढं मुलांना सांगितलं तरी वर्गात प्रश्न उठतात. बायकाच का काढतात? लग्न झालं की चित्राचं काय होतं? उत्तर साधं आहे: भिंत पुन्हा सारवली जाते. चित्र जपून ठेवायचं असतं, ही आपली शहरी समजूत. फ्रेम, काच आणि खाली कोपऱ्यात सही असणारं चित्र एवढंच ज्यांनी पाहिलंय, त्या मुलांना हे कळणं हा त्या तासाचा मोठा लाभ.

मग कागदावर ही चित्रं आली कशी? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारी हस्तकला विभागाच्या कामाने डहाणूकडे गेले आणि वारली बायकांना कागद-रंग देऊन पाहिले. त्याच सुमारास गंजाड गावचे जिव्या सोमा मशे चित्रं काढू लागले होते. पुरुषाने, लग्न नसताना, विधीशी संबंध नसलेलं चित्र काढायचं, हे त्या समाजात नवीनच होतं. मशे यांनी जाळं टाकणारा कोळी, मुंग्यांचं वारूळ, शेतीची कामं, आगगाडी असं काय काय काढलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. म्हणजे आपण ज्याला "हजारो वर्षं जुनी कला" म्हणून वहीत काढतो, तिचा कागदावरचा अवतार अनेक मुलांच्या आजी-आजोबांपेक्षा वयाने लहान आहे. चौक जुना, कागद नवा. या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या की "परंपरा" आणि "बदल" हे समाजशास्त्राच्या पुस्तकातले जड शब्द मुलांना फळ्यावर लिहूनही द्यावे लागत नाहीत.

आता प्रत्यक्ष करायला घेऊ. पोस्टर कलरची पांढरी बाटली आणि शून्य नंबरचा ब्रश कपाटातच राहू द्या. गेरू रंगाच्या दुकानात स्वस्तात मिळतो. जाड पुठ्ठा किंवा गोणपाटाचा तुकडा घ्या, त्यावर माती आणि गेरूचा लेप द्या आणि वाळू द्या. शेण मिसळायला मुलं नाक मुरडतील, मुरडू देत. काहींच्या आज्यांचं अंगण शेणानेच सारवलं जायचं, हे त्यांना घरी जाऊन विचारायला सांगा. रात्रभर भिजवलेले तांदूळ पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये बारीक वाटायचे, पातळ करायचे, बाभळीचा थोडा डिंक घालायचा. बांबूची बारीक काडी घेऊन तिचं टोक चावून चिंबवायचं, झाला ब्रश.

पहिल्या रेघेलाच गंमत होते. तांदळाचा रंग ओला असताना धड दिसत नाही, लाल पृष्ठभागावर पाणीच फिरवल्यासारखं वाटतं. मुलं वैतागून पुन्हा पुन्हा तीच रेघ गिरवतात. थोड्या वेळाने वाळलं की तीच रेघ पांढरीशुभ्र उठते आणि गिरवलेल्या ठिकाणी जाड पोपडा धरतो. म्हणजे हात उचलायचा, वाट बघायची, रेघेवर भरवसा ठेवायचा. काडीला रंग फार धरत नाही, त्यामुळे रेघा आपोआप तुटक आणि लहान येतात. वारली चित्रातल्या छोट्या छोट्या रेघा, ठिपके, जाळ्या कशामुळे आल्या असाव्यात याचा अंदाज हातालाच येतो. खोडायला रबर नाही. आणि रंग तांदळाचाच का, हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. हातात जे आहे, ज्यावर जगणं चाललंय, त्यातूनच रंग येणार. तिथे भात पिकतो आणि धान्य हीच देवी, तिला कणसरी म्हणतात. नागली-वरईचं शेत कसं असतं, भाताची लावणी कशी करतात, हा भूगोल इथे आपसूक येतो.

चित्र वाचायचं कसं, यावर थोडं थांबतो, कारण मुलांना हे फार आवडतं. वर्तुळ सूर्य-चंद्रापासून, त्रिकोण डोंगर आणि झाडांच्या शेंड्यांपासून, चौकोन माणसाने आखलेल्या जागेपासून आला असं सांगितलं जातं. ते मुलांना सांगावं, पण त्याचा मंत्र करू नये. त्याहून मोलाचं निरीक्षण म्हणजे या माणसांना चेहराच नाही. नाक-डोळे नसताना कोण दमलंय, कोण नाचतंय, कोण भारा उचलतंय हे कळतं कसं? कमरेच्या कोनातून आणि गुडघ्याच्या वाकण्यातून. एखाद्या मुलाला वर्गापुढे उभं करा, त्याला पाण्याने भरलेली बादली उचलायला लावा आणि बाकीच्यांना फक्त त्याच्या शरीराची तिरपी रेघ बघायला सांगा. मग काढा. कंपासने आखलेले वीस सारखे त्रिकोण आणि ही आकृती यांतला फरक कोणालाही दिसेल. एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी पट्टी लावून रेघ मारायची सवय झालेल्या मुलांना आधी जरा जड जातं, एवढंच.

तारप्याच्या नाचाचंही असंच. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचं पान यांपासून तारपा बनतो. वाजवणारा मध्ये असतो, नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात, पुढच्याच्या हातात घुंगूरकाठी. शाळांच्या भिंतींवर मात्र हा नाच बहुधा बंद वर्तुळासारखा काढलेला दिसतो. मैदानावर चाळीस मुलांची साखळी करून एकदा फिरवा. पाचच मिनिटांत कळतं की साखळीला तोंड असतं आणि शेपूट असतं, ती गुंडाळत आत जाते, उलगडत बाहेर येते, पण मिटत नाही. मूळ चित्रात शंखासारखा वळसा का असतो, याचं उत्तर पायांनी मिळतं. चित्रकलेचा तास मैदानावर घ्यायला मुख्याध्यापकांनी परवानगी दिली नाही तर पी.टी.च्या सरांना गाठा.

आता एक गोष्ट अशी की जी वारलीइतकी प्रसिद्ध नाही, पण नाशकातल्या मुलांना जास्त जवळची वाटेल. वाघदेव. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडच्या गावांच्या शिवेवर लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ दिसतो. वर चंद्र-सूर्य, कधी बाजूला नाग, अंगाला शेंदूर. अश्विन वद्य द्वादशीला आपण शहरात वसुबारस करतो, गाय-वासराला ओवाळतो. त्याच तिथीला तिकडे वाघबारस असते. काही गावांत गुराखी पोरं शिधा गोळा करून रानात स्वयंपाक करतात आणि वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. एकाच दिवशी इकडे गाईची पूजा आणि तिकडे गाईला खाणाऱ्याची! वर्गात हे सांगून गप्प बसा, मुलं बोलू लागतील. कारण नाशकातल्या मुलाला बिबट्या नवीन नाही. कॉलनीतल्या सीसीटीव्हीत रात्री फिरणारा बिबट्या त्याने मोबाइलवर पाहिलेला असतो, निफाड-सिन्नरकडच्या नातेवाइकांकडून उसातल्या बिबट्याच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. त्याला माहीत असलेले दोनच उपाय असतात, पिंजरा लावा किंवा वन विभागाला फोन करा. रोज गुरं घेऊन रानात जावंच लागणाऱ्या माणसांनी या शेजाऱ्याशी कसं जमवून घेतलं, त्याला शिवेवर जागा कशी दिली, हे वाघदेवाच्या फळीत कोरलेलं आहे. मातीच्या किंवा पुठ्ठ्याच्या फळीवर मुलांनी स्वतःच्या भागातला बिबट्या उठावात करावा, वर सूर्य-चंद्र हवेत की सोसायटीचा दिवा हे त्यांनीच ठरवावं. वाघदेवाची हुबेहूब नक्कल मात्र नको. तो पुजला जाणारा देव आहे, वर्गातला नमुना नव्हे.

इथून अवघड भागाकडे येतो. काय काढायचं नाही?

ऑस्ट्रेलियात पापुन्या नावाची आदिवासींची वस्ती आहे, तिथल्या शाळेत १९७१ साली जेफ्री बार्डन नावाचे चित्रकला शिक्षक आले. मुलांनी आपल्या समाजाच्या खुणांनी चित्रं काढावीत असा त्यांचा आग्रह होता. तो धागा धरून वस्तीतल्या जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या कथेचं मोठं चित्र काढलं आणि तिथून एक जगप्रसिद्ध चित्रपरंपरा सुरू झाली. पण लवकरच तक्रारी आल्या. सुरुवातीच्या काही चित्रांत अशा गोष्टी होत्या ज्या फक्त दीक्षा घेतलेल्या पुरुषांनीच पाहायच्या. मग चित्रकारांनी काय दाखवायचं आणि काय झाकायचं ते स्वतः ठरवलं. काही वर्षांनी शाळेच्या भिंतीवरचं ते चित्र रंग मारून पुसलंही गेलं. तो वेगळाच विषय.

आपल्याकडे हाच प्रश्न पालघटच्या चौकाबाबत आहे. वारली चित्रकार स्वतः कागदावर चौक काढून विकतात, तो त्यांचा निर्णय. पण सहावी ब च्या मुलांनी उशीच्या अभ्र्यावर पालघट छापावी का? माझ्या मते नको. शेती, नाच, बाजार, पाऊस, झाडं, एस.टी., मोबाइलचा टॉवर, विषयांना तोटा नाही. बोहाड्याचे मुखवटेही याच हिशेबात येतात. पेठ, सुरगाणा, मोखाडा, जव्हार भागात उन्हाळ्यात बोहाडा किंवा भवाडा होतो. रात्रभर संबळाच्या ठेक्यावर गणपती, मारुती, रावण, नरसिंह अशी सोंगं निघतात. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, आता कागदाच्या लगद्याचेही करतात. लगदा कसा करायचा हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. जुने कागद भिजवून, कुटून, मेथीचं पीठ घालून त्या टोपल्या करायच्या. मुलांनी लगद्याचा मुखवटा जरूर करावा, फक्त एवढं समजून की तिकडे मुखवट्याची पूजा होते आणि तो चढवल्यावर आतला माणूस गावातला अमुक राहत नाही. स्नेहसंमेलनात तोच मुखवटा घालून हास्यप्रहसन करायचं का, हे मग मुलंच सांगतील.

स्नेहसंमेलनाचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. तोंडाला काळं फासून, कमरेला पानं बांधून, हातात भाले घेऊन "झिंगालाला" करत नाचणं हा "आदिवासी नृत्य" म्हणून अजूनही काही शाळांत चालणारा प्रकार तातडीने बंद व्हायला हवा. असा पोशाख पेठला नाही, सुरगाण्याला नाही, कुठेच नाही. वर्षभर चित्रकलेच्या तासाला जे कमावलं ते त्या पाच मिनिटांत जातं.

आणि प्रेक्षकांत कोण बसलंय हेही पाहावं. आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून नामांकित निवासी शाळांमध्ये शिकायला आलेली मुलं शहरातल्या वर्गांत असतात, शहरात स्थायिक झालेल्या आदिवासी नोकरदारांची मुलं असतात. "तू आदिवासी ना, मग तू काढून दाखव" असं अशा मुलाला कोणी म्हणू नये. तो कोकणा असेल तर वारली चौक त्याच्या घरचा नाहीच. वारली असला तरी त्याने काडी हातात धरलेली असेलच असं नाही, जसं प्रत्येक मराठी मुलाला पोवाडा येत नाही. त्याला बोलावंसं वाटलं तर मार्गशीर्षातल्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाबद्दल तो सांगेल, पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या सुरावर माऊल्या, म्हणजे व्रत धरलेली माणसं, रात्र रात्र कशा नाचतात ते सांगेल. नाही वाटलं तर नाही.

सीबीएसई शाळांमध्ये आणखी एक मजेदार प्रकार आहे. कलेशी जोडलेला प्रकल्प तिथे सक्तीचा आहे आणि "एक भारत श्रेष्ठ भारत" या राज्यांच्या जोड्या लावणाऱ्या केंद्राच्या उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे. त्यामुळे नाशिकची मुलं ओडिशाच्या सौरा चित्रांवर प्रकल्प करतात. ती दिसतात वारलीसारखी, पण माणसं वारलीइतक्या टोकदार त्रिकोणांची नसतात, स्त्री-पुरुष सहज वेगळे ओळखता येत नाहीत आणि चित्र आधी चौकट आखून बाहेरून आत भरत आणतात. दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधायला लावले तर उत्तम अभ्यास होतो. नाही तर मुलं वारली काढतात आणि खाली "सौरा" लिहितात.

शेवटी राहिली दोन कामं, दोन्ही शिक्षकांची. पहिलं, आजच्या काळाची चित्रं. आदिवासी म्हटलं की नाच आणि निसर्ग, एवढ्यावर थांबू नका. १९४५ साली तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून हजारो शेतकरी मुंबईकडे पायी निघाले, त्यात सुरगाणा-पेठ-दिंडोरीचे आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेली जमीन नावावर करा ही त्यांची मुख्य मागणी होती. मुंबईत शिरल्यावर दहावीच्या मुलांना परीक्षेला जायला अडचण नको म्हणून ते लोक दिवसभर चाललेले असूनही रात्रीच पुढे निघाले आणि पहाटे आझाद मैदानावर पोचले. दहावीच्या वर्गात हे सांगा आणि चित्र काढायला द्या.

दुसरं काम पैशांचं. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे मानांकन विक्रीशी संबंधित आहे. मुलांनी वहीत चित्र काढायला कोणाची परवानगी लागत नाही. पण शाळा मुलांनी रंगवलेल्या पणत्या, पिशव्या "अस्सल वारली" म्हणून आनंदमेळ्यात विकणार असेल तर प्रश्न येतो. तेवढ्या पैशात एका वारली चित्रकाराला किंवा पेठकडच्या मुखवटेकाराला दिवसभर शाळेत बोलावता येतं. बोलावलंत तर मानधन आधी ठरवा, प्रवासखर्च वेगळा द्या, आणि त्यांना व्यासपीठावर नारळ-शाल देऊन तासाभरात मोकळं करू नका. मुलांच्या रांगेत जमिनीवर बसून त्यांना काम करू द्या. मुलांना प्रश्न आधी लिहून आणायला सांगा, आणि "तुम्ही जंगलात राहता का?" हा प्रश्न कोणी लिहिला असेल तर खोडू नका. त्याचं उत्तर त्यांच्याकडूनच ऐकू द्या.